दादासाठी रुळवलेली पँट

राहाता, वस्तीवरून
२९ जुलै १९७३

दादा,

आई समोर बसली आहे. "आदी नमस्कार लिही" म्हणाली, म्हणून नमस्कार. तिला वाचता येत नाही. पेन कागदावर चाललंय एवढं दिसलं की तिचं समाधान. तेव्हा यापुढचं मी माझ्या मनाचं लिहिणार आहे आणि त्यात गोड फारसं काही नाही.

कार्तिकात माझं लग्न धरलं आहे. मुलगी पुणतांब्याची, नाव चांगुणा. बोलणी झाली, सुपारी फुटली. आता सगळं अडलंय ते तुझ्यापाशी. आई म्हणते, "थोरला आल्याबिगर मी हळद भिजवायची न्हाई." आबा नुसते पानाची चंची उघडतात आणि मिटतात. म्हणून हे बोलावणं. पण नुसतं बोलावणं लिहायचं तर ते खोटं होईल, कारण आपल्या दोघांत जे झालंय ते झालेलंच आहे.

मार्चमध्ये आठ दिवसांची रजा काढून आलास आणि तिसऱ्या दिवशी बॅग उचललीस. आबांना म्हणालास, काम निघालं. कसलं काम? तार नाही, टपाल नाही, मग काम काय कावळ्यानं येऊन सांगितलं? तू माझ्यावर रागावून गेलास हे घरात सगळ्यांना कळलं. गोठ्यातल्या बैलांनाही कळलं असेल. त्यानंतर आजपर्यंत अमेरिकेहून एक ओळ नाही. पोस्टमन दिसला की आई डोक्यावरचा पदर सावरून दारात येते आणि तो सायकलवरूनच हात हलवून पुढे जातो. मला त्या वेळी गोठ्यात काहीतरी काम काढावं लागतं.

मी एवढंच विचारतो की मी केलं काय? तुझी वस्तू तुला परत दिली. तीही वर्ष-सव्वा वर्ष माझ्या अंगावर रुळवून.

त्या पँटचं मी तुला कधी सविस्तर लिहिलं नाही. तू पत्रात विचारायचास, "पँट बसली का?" मी लिहायचो, "बसली." आणि मग विहिरीचं पाणी, पेरूचा बहार, आबांचा खोकला. दुसरं काय लिहिणार? तुझ्या वहाणा रुळवायचो तेव्हा कधी त्याची हकीकत सांगत बसलो होतो का?

आठवतात ना त्या वहाणा? आबा राहात्याच्या बाजारातून जाड चामड्याच्या आणायचे. नव्या वहाणा चावतात आणि तुझा पाय शाळेत जाणारा, नाजूक. म्हणून आधी त्या माझ्या पायात. मी दिवसभर बागेत अनवाणी हिंडणारा, माझ्या टाचा केव्हाच दगड झालेल्या. मग मी त्या ढेकळांतून, पाटाच्या चिखलातून फिरवायच्या, रात्री तेल चोळायचं. अंगठा मऊ झाला, पट्टा सैल झाला की आई पुसून तुझ्यापुढे ठेवायची. तू पुण्याला शेतकी कॉलेजात गेलास तरी दरसालचा जोड माझ्याच पायातून पुण्याला गेला. याचं मला वाईट वाटायचं असं समजू नको. तू सुट्टीत आलास की मी आधी तुझ्या पायांकडे बघायचो, कुठे फोड आलाय का म्हणून. नसला की मला बरं वाटायचं.

३१ जुलै

परवा बागेत खत टाकायला माणसं आली म्हणून पत्र अर्धंच राहिलं. आईनं आज पुन्हा पुढ्यात आणून ठेवलं.

तर ती पँट. एकाहत्तरची दिवाळी होऊन गेली होती. तुझ्याबरोबर अमेरिकेत शिकणारा शामकांत बहिणीच्या लग्नाला श्रीरामपुरात आला होता, त्यानं पार्सल आबांच्या हाती दिलं. आत पँट आणि चार ओळींची चिठ्ठी. "श्रीमंत, ही घालून कोमट पाण्यात बस. अंगावरच वाळव. मग रोज घाल. सहा महिने तरी धुवू नको. आधी चावेल, मग मऊ होईल." खाली तुझी सही, "कानिफ". खुशाली नाही, काही नाही. घाईत लिहिलेली दिसत होती. पण आम्हाला जास्त काही लागलंच नाही. "आधी चावेल" हे वाचल्याबरोबर तिघांच्याही ध्यानात आलं. आबा म्हणाले, "थोरल्याची हाय. जपून वापर. त्यो येईस्तवर मऊ झाली पायजे."

आणि काय ती पँट! भिंतीला टेकवली तर उभी राहिली. आई लांबूनच म्हणाली, "आत मानूस हाय का काय रं?" मग जवळ येऊन तिनं पाय उलटा करून बघितला. आतल्या शिवणीला पांढरी किनार आणि त्यात बारीक लाल दोरा. आईचा चेहराच बदलला. "आरं, कापडाला काठ हाय की! लई चांगलं कापड. मग ह्यो काठ आत कशाला दडवलाय?" तिच्या मते काठ हा दाखवायचा असतो. पँट पायाला लांबच होती, म्हणून मी खालून दोन घड्या वर घातल्या. काठ बाहेर आला आणि आई खूष झाली.

लांबी बघून तर खात्रीच पटली की ही तुझीच. तू माझ्यापेक्षा वीतभर उंच. कंबर मात्र मला बरोबर बसली. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, दादा. वाटलं, तू तिकडे माझ्याएवढा वाळलास की काय? आईला हे बोललो नाही.

खिशाच्या आत आणखी एक एवढासा खिसा होता. त्यात काळपट दोऱ्याचं एक वेटोळं निघालं. पार्सलाचा दोरा राहिला असेल असं वाटलं. तेव्हाच मोरी कालवडीच्या गळ्यातली घंटा सुटली होती, ती त्या दोऱ्यानं बांधून टाकली.

मग तुझ्या हुकमाप्रमाणे पाण्यात बसणं. घरात एवढं मोठं भांडं कुठलं? गोठ्यातल्या दगडी डोणीत चार घागरी ऊन पाणी ओतलं आणि पँट घालून बसलो. आबा कडेला येऊन उभे. म्हणाले, "म्हशी बसत्यात तसं बसलंय बगा आमचं येडं." शेजारच्या वस्तीवरची छबूबाई ताक न्यायला आली होती ती ताक विसरून बघत राहिली. ओल्या पँटनं दिवसभर उन्हात हिंडलो. रात्री काढली तेव्हा कमरेपासून घोट्यापर्यंत मी निळा. पुढे आठवडाभर छबूबाई मला "निळोबा" म्हणत होती.

पहिले दोन-तीन महिने हाल होते. मांडी घालून बसता येईना. पंगतीत सगळे पानावर आणि मी खाटेवर पाय लांब करून, आजारी माणसासारखा. गुडघ्यामागे कातडी सोलवटली. सतरंजीवर बसलो तर सतरंजी निळी, सायकलचं सीट निळं, आबांच्या धोतराला टेकलो तर आबा निळे. पण धुतली नाही. तू सांगितलं होतंस.

पुढे एक पंचाईत झाली. गुडघ्याशी कापड फुगायला लागलं, पण माझ्या गुडघ्याशी. तुझे गुडघे चार बोटं खाली. म्हटलं, दादा घालणार तेव्हा हे फुगवटे त्याच्या मांडीवर येतील, शोभा होईल. म्हणून मी पँट करदोड्याच्या खाली ओढून, ढुंगणावर अडकवून घालायला लागलो, म्हणजे गुडघे तुझ्या मापावर यावेत. आबा म्हणाले, "ह्ये काय घालनं हाय का? पडंल की बाजारात!" आठवडाभर तसा चाललो. मग एकदा भर बाजारात पडायलाच आली, तेव्हा नाद सोडला.

२ ऑगस्ट

आज खरं ते लिहितो. मला ती आवडायला लागली होती.

बहात्तरच्या उन्हाळ्यापर्यंत ती अशी झाली की सकाळी अंगावर चढवली की घातल्यासारखी वाटायची नाही. मांडी घालायला लागलो. छाटणीची कात्री मी उजव्या खिशात ठेवायचो, तिचा आकार कापडावर पांढरा उमटला. लांबूनही दिसायची कात्री आहे म्हणून. गुडघ्यामागे पडलेल्या रेघा रोज त्याच जागी मोडायच्या. पेरूच्या डिंकाचा एक डाग मांडीवर होता, सायकलच्या साखळीनं एका पायाचा काठ खाल्ला होता. मला वाटायचं, दादा आला की हे सगळं त्याला द्यायचं. आणि वाटायचं, न आला तर बरं. हे मी मनातसुद्धा पुरतं बोललो नव्हतो, आज पहिल्यांदा कागदावर आलं.

मग पाऊस गेला. ते तुला वेगळं सांगायला नको, पेपरात तिकडेही आलं असेल. पाटाची पाळी बंद झाली, विहिरीनं तळ दाखवला. मी आणि आई घागरीनं झाडं जगवत होतो. जी मोठी ती जगवायची, बाकीच्यांकडे बघायचं नाही. मोरी कालवड लोणीच्या बाजारात गेली, घंटेसकट. तेव्हा रोज ती पँटच अंगावर होती. घागरी खांद्यावर, पाणी सांडायचं पायावर, माती चिकटायची, वाळायची, झटकायची.

अशात जानेवारीत तुझं पत्र आलं. आणखी पाच वर्षं तिकडेच राहायचं ठरवलंय. तिथल्या फळबागेत चांगलं काम मिळालंय. मार्चमध्ये आठ दिवस येतो. आणि शेवटी, "श्रीमंत, स्टेशनवर पँट घालून ये. बघायची आहे."

आबांना मी ते वाचून दाखवलं. पाच वर्षं ऐकल्यावर ते उठले आणि बागेत गेले, वाळलेल्या झाडांतून फिरत राहिले. मला इतका राग आला, दादा. इथे झाडं मरताहेत, म्हातारा खंगतोय, तू पाच वर्षं येणार नाहीस आणि तुला पँट बघायची आहे? मी काय खुंटी आहे, तुझे कपडे टांगून ठेवायला?

तू यायच्या आदल्या दिवशी मी हंडाभर पाणी चुलीवर ठेवलं. हंडाभर, त्या मार्चमध्ये. आबांनी ते बघितलं. सोडा टाकून पँट उकळली. दगडावर आपट आपट आपटली. पाणी निळं निघालं, मग पुन्हा निळं निघालं. कमरेवरचा चामड्याचा तुकडा पापडासारखा आकसला. राहात्याला नेऊन कडक इस्त्री मारून आणली, पुढे-मागे धारेसारखी घडी. कात्रीचा आकार तेवढा गेला नाही.

श्रीरामपूरच्या स्टेशनावर मी पायजमा घालून उभा होतो, पँट कागदात गुंडाळून. तू उतरलास. चांगला भरला होतास, गालावर तेज आलेलं. आणि तुझ्या अंगावर तशीच पँट. निळी, काठाची, गुडघ्याशी फिकी झालेली. म्हटलं, वा, याच्याकडे एक आहेच आणि दुसरी आम्ही रुळवतोय. तू हसत माझ्याकडे येत होतास आणि माझ्या पायांकडे बघून थांबलास. मी पुडकं तुझ्या छातीवर ठेवलं. काय बोललो ते शब्द माझ्या ध्यानात आहेत. "ही घे तुझी पँट. पुरे झालं. यापुढं तुझं काही माझ्या अंगावर नको."

तू कागद थोडा उघडलास. इस्त्रीच्या घडीवरून बोट फिरवलंस. म्हणालास, "बरं." आणि पुडकं बॅगेत घातलंस. एस.टी.त तू पाऊसपाण्याचं विचारलंस आणि मी सांगितलं. त्यापुढे तीन दिवसांत आपण एकमेकांशी बोललो ते भाजी वाढ, पाणी दे, एवढंच.

आता सांग, यात रागावण्यासारखं काय होतं? बोललो ते तोडून बोललो, हे मला मान्य आहे. पण पाच वर्षांच्या बदल्यात एवढं बोलू नये का धाकट्यानं?

नागपंचमी, संध्याकाळी

दादा, वरची पानं फाडणार होतो. ती तशीच ठेवतोय. तू वाच आणि मी किती शहाणा आहे ते बघ.

रतनआक्का सासरहून पंचमीला आली आहे. दुपारी पुरणाची दिंडं खाऊन सगळे ओसरीवर बसलो होतो. आईनं बाजारातून नवा करदोडा आणला होता. माझा सैल होऊन खाली सरकतो म्हणून. दुष्काळानं सगळ्यांच्याच कमरा घेतल्या, त्यात माझीही. आई जुना सोडून नवा बांधत होती. मी म्हटलं, तो जुना टाकून दे. तर ती सहज म्हणाली, "ह्येच्या आदीचा तर मी अमेरिकेला धाडला हुता."

मी म्हटलं, काय धाडलं होतंस?

"तुजा करदोडा. कानिफनं मागितला हुता."

आक्का म्हणाली, "व्हय की. मीच वाचलं हुतं तवा त्येचं पत्र, असंच पंचमीला आल्ते. श्रीमंतचा कमरंचा जुना करदोडा पाकिटात घालून धाड, त्येला सांगू नको. आमी दोगींनी धाडला."

मी आईला विचारलं, कशाला मागितला ते कळलं नाही तुला? ती म्हणाली, "मला वाटलं, परमुलकात एकला हाय पोरगं, भावाची काय तरी खूण जवळ आसावी. मी त्येला ऊद दावून धाडला."

मी विचारलं, आणि मग पँट आली तेव्हाही तुझ्या ध्यानात आलं नाही?

"प्यांटीचा आन करदोड्याचा काय संबंध?" ती म्हणाली. "तुज्या आबाला जलमभर धोतरं घेतली, कदी माप लागलं का धोतराला?"

आक्का हसायला लागली. मला हसू येईना. मी उठून गोठ्यात गेलो आणि मोरीच्या रिकाम्या दाव्यापाशी बसलो. एवढ्याशा खिशातलं ते काळपट वेटोळं, दादा. तू ते मुद्दाम आत घातलं होतंस ना? मला कळावं म्हणून. माझ्याच कमरेचा दोरा मला ओळखता आला नाही. मी तो कालवडीच्या गळ्यात बांधला आणि तिच्याबरोबर बाजारात विकला.

कंबर बोटभर इकडे-तिकडे नव्हती आणि मी तू वाळलास म्हणून जेवलो नाही. लांब होती ती पाण्यात बसल्यावर आटायची म्हणून लांब होती, हे आज कळतंय. तू उतरलास तो अंगानं भरलेला. ती तुला कधीही झाली नसती, हे तिथेच दिसत होतं आणि मला दिसलं नाही. तुझ्या अंगावर तुझी होती. तू माझ्या अंगावर माझी बघायला आला होतास.

६ ऑगस्ट

दोन दिवस कागदाला हात लावला नाही.

आईला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्या दिवशी सांजंला त्यो हितंच बसला हुता, प्यांट मांडीवर घिऊन. त्या कात्रीच्या खुणंवर बोट फिरवत हुता. मला म्हनला, आई, त्येनं लई घातल्याली दिसती, मग नको का झाली गं त्येला? मला काय ठावं? मी म्हनलं, त्येला ती लई चावायची बाबा."

हे ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तू हे घेऊन गेलास. मला ती चावायची, हे घेऊन सातासमुद्रापार गेलास.

चावायची नाही, दादा. आधी चावली. नंतर तिच्यासारखं माझ्या अंगाला काही लागलं नाही.

आबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "म्याच म्हनलो हुतो, थोरल्याची हाय म्हनून." एवढंच. मग त्यांनी चंची उघडली आणि पान न लावता मिटली. आपल्या घरात नवी वस्तू धाकट्याची असू शकते हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, याला काय म्हणावं? तुझ्या डोक्यात आलं. तुझ्या पायांना ते आठवत असणार. मी मात्र तुझी वस्तू समजून सव्वा वर्ष जीव लावला आणि माझी झाली तेव्हा उकळून काढली.

पाच वर्षांचा राग अजून आहे, तो खोटा म्हणणार नाही. आबा खरंच थकलेत. त्यावर तू आलास की समोरासमोर भांडू. पण पँटवरून जे बोललो ते परत घेतो. स्टेशनावर, चारचौघांत बोललो होतो, तर वाटल्यास तिथेच, त्याच फलाटावर परत घेईन.

यंदा पाऊस बरा आहे. जगवलेल्या झाडांना पालवी आली. ती झाडं जगवताना तीच पँट अंगावर होती, हे तू आलास तेव्हा सांगायचं राहिलं.

सोबत माझा जुना करदोडा घालतोय. या वेळी तू मागितला नाहीस, मीच देतोय. गाठ मारली आहे ती आजच्या मापाची. आई म्हणते, लग्नापर्यंत अंग भरून येईल. पँट मी उकळली, ती आटली असेल. तू हा तिच्या कमरेला लावून बघ. बसत असेल तर कार्तिकात येताना घेऊन ये. बसत नसेल तरी घेऊन ये. हळदीचे डाग पडले तर पडू देत. आणि येणं जमणारच नसेल तर तुझ्यापाशी असू दे, पण दुसऱ्या कुणाला देऊ नको, दादा. ती माझी आहे.

श्रीमंत